एक्कावन्नावं पान

बाई वाचनकक्षात आल्या की आधी मनगटावरचं घड्याळ काढायच्या, टेबलावर पालथं ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आधी वाचा. मग भांडा."

दर शनिवारी, दुपारी दोनला. त्या पालथ्या घड्याळाचा मला भारी राग यायचा. पाचला वाचनालय बंद करायचं काम माझं होतं, आणि बाईंच्या टेबलावर पाच कधी वाजायचेच नाहीत.

दादरच्या एका लॉ कॉलेजच्या ग्रंथालयात मी एकतीस वर्षं नोकरी केली. मी लालबागची. तोंड फटकळ आहे, हे मीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला दुसऱ्या कोणाला विचारायला नको. पुस्तकाचं पान दुमडलेलं दिसलं की माझं डोकं फिरायचं. पोरं मला घाबरायची, आणि खोटं कशाला बोलू, ते मला आवडायचं.

बाई राज्यघटना शिकवायच्या, तासिका तत्त्वावर. म्हणजे वर्षागणिक नेमणूक, जूनमध्ये बोलावणं आलं तर यायचं, नाही आलं तर घरी बसायचं. सकाळी कोर्टात वकिली, मग इथे. सुती साडी आणि खाली धावायचे बूट. अशा बाई तुम्हीही कुठेतरी पाहिल्या असतील. आपण मनात म्हणतो, जरा नीट राहायला काय होतं यांना.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुमचं नाव काय?"

"सावंत."

"ते घराण्याचं झालं. तुमचं?"

सगळं कॉलेज मला सावंत मॅडम म्हणायचं. त्या दिवसापासून या एकट्या सुनंदाताई म्हणायला लागल्या. मला ते जरा आगाऊपणाचं वाटलं होतं.

त्यांच्याकडे एक जाडजूड पुस्तक असायचं, राज्यघटनेवरचं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. दर जूनला कव्हर बदलायचं, पुस्तक तेच. ते त्या कोणाच्या हातात द्यायच्या नाहीत. "बाई, हळदकुंकू लावता का हो याला?" असं मी एकदा विचारलं. त्या हसल्या आणि पुस्तक पिशवीत सरकवलं.

शनिवारच्या त्या वाचनाला आठ-दहा मुलं यायची. मार्क नाहीत, हजेरी नाही, तरी यायची. रीत ठरलेली. एकाने उभं राहून निकालपत्रातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा. तो पुरा होईपर्यंत कोणी चकार शब्द काढायचा नाही. कोणी अडखळलं, शब्द गिळला, की बाई म्हणायच्या, "परत वाच." रागावून नाही. पण वाचल्याशिवाय सुटका नाही.

दुसरा नियम त्याहून कडक. बोलताना 'लोक' म्हणायचं नाही, 'समाज' म्हणायचं नाही. कोणी म्हणालंच, "समाजात अजून जात आहे," तर बाई विचारायच्या, "समाज कुठे राहतो? पत्ता दे. नसेल तर 'मी' म्हणून सांग."

सुरुवातीला त्यांनी अमेरिकेतला एक खटला वाचायला दिला. काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत बसू देत नव्हते, त्याबद्दलचा. पोरं काय बोलली म्हणून सांगू. अथर्व नावाचा एक हुशार मुलगा होता, माटुंग्याचा. तो तर टेबलावर हात आपटून बोलला, वर्णभेद किती भयंकर, माणूस असा कसा वागू शकतो. मला काउंटरवर बसून कौतुक वाटलं त्याचं.

पुढच्या शनिवारी बाईंनी आपल्याकडचा खटला दिला. एका गावातली विहीर, एक बाई, तिची कळशी. वाचून झालं आणि सगळे गप्प. 

शेवटी अथर्व म्हणाला, "मॅडम, हे गावाकडे होतं. मुंबईत कुठे आहे?"

"बरं. 'मी' म्हणून सांग."

"मी..." तो थांबला. "मी कधी पाहिलं नाही."

"छान. हे वहीत लिही. आणि खालची ओळ रिकामी ठेव."

मी मनातल्या मनात अथर्वच्या बाजूची होते. आमच्या चाळीत गणपतीला सगळे एका पंगतीला बसायचे. कसली जात नि कसलं काय. या बाई उगाच शांत पाण्यात काठी घालतात, असं माझं मत होतं.

या मुलांमध्ये प्रणाली होती. तिचा आवाज असा की ती वाचायला उभी राहिली की मी हातातली कामं थांबवायचे. मूट कोर्टाच्या स्पर्धेत, म्हणजे खटला खोटा पण चुरस खरी असते त्या स्पर्धेत, ती आणि अथर्व जोडीदार होते. दोन ठिकाणी जिंकून आले होते. एकदा माझ्या काउंटरवर ती पुस्तकासाठी सही करत होती आणि अथर्व शेजारी उभा राहून हसत म्हणाला, "आपल्या टीममध्ये कोटावालं कोणी नाही, म्हणून जिंकतो आपण."

प्रणालीही हसली. खाली मान घालून सही पूर्ण केली.

मी ते पाहिलं. आणि प्रणाली स्वतःच कोट्यातली आहे हे मला माहीत होतं. ती सही करत होती ते रजिस्टर पुस्तकपेढीचं होतं, अथर्वला त्यातलं काही कळत नव्हतं. मला त्या वेळी गंमत वाटली. आज लिहिताना लाज वाटते.

पुस्तकपेढी म्हणजे काय ते सांगते. मागासवर्गीय मुलांना वर्षभरासाठी पुस्तकांचा संच मिळतो. त्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर मोठा शिक्का असतो, 'मागासवर्गीय विद्यार्थी पुस्तकपेढी'. निदान आमच्याकडे तसा होता. आणि रजिस्टरमध्ये त्या मुलांची नावं मी लाल शाईने लिहायचे. पटकन सापडावीत म्हणून.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. प्रत्येक ग्रंथालयाचं एक गुप्त पान असतं. कोणी पहिलं पान फाडून पुस्तक लाटलं तर ओळखता यावं म्हणून आत एका ठरलेल्या पानावर पुन्हा शिक्का मारतात. आमचं पान एक्कावन्नावं. ते ग्रंथालयातल्या माणसांनाच ठाऊक. मला या गोष्टीचा फार अभिमान होता.

जानेवारीत पुस्तकांची पडताळणी चालू होती. त्या शनिवारी मी यादी घेऊन टेबलाटेबलावर फिरत होते. बाईंचं वाचन रंगात आलेलं. प्रणालीसमोर तिचं पुस्तक उघडं पडलं होतं. मी सहज पहिलं पान उलटलं, तर शिक्क्याच्या जागी पांढरा कागद. चांगला चारही बाजूंनी चिकटवलेला.

माझं डोकं सणकलं.

"हे काय? कोणी चिकटवलं?"

प्रणालीचा चेहरा उतरला. "मॅडम, हे माझं आहे. मी विकत घेतलंय."

"विकत?"

"सुनंदाताई, नंतर बघू," बाई म्हणाल्या.

"नंतर कशाला? पुस्तकाचं नुकसान केलंय, वर खोटं बोलते."

"सुनंदाताई. नंतर."

मी ऐकलं नाही. मला ऐकायचंच नव्हतं. इतक्या वर्षांत मला कोणी असं फसवलं नव्हतं. मी पुस्तक उचललं, बोट घालून बरोबर एक्कावन्नावं पान काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं टेबलाच्या मध्यभागी ठेवलं. "आता सांग, कोणाचं आहे?"

शिक्का ठळक उठला होता. अथर्व सगळ्यात जवळ. शनिवारच्या त्या बैठकांनी समोर आलेलं मोठ्याने वाचायची सवय लागलेली. तो वाचून गेला, "मागासवर्गीय विद्यार्थी पुस्त..." आणि थांबला.

 प्रणालीने अथर्वकडे पाहिलं, एकदाच. मग पेन पिशवीत टाकलं, पिशवी खांद्याला लावली आणि निघून गेली. पुस्तक तिथेच राहिलं. जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता.

बाई माझ्यावर ओरडतील म्हणून मी वाट पाहत होते. ओरडल्या असत्या तर मीही चार शब्द सुनावले असते. त्यांनी प्रणालीच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. "बसा."

मी का बसले कोण जाणे.

"तुम्ही शिक्का का दाखवलात?"

"नियम आहे."

"नियम कुठे राहतो? 'मी' म्हणून सांगा."

नऊ पोरं माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडून 'मी' एवढंच बाहेर पडलं. मग मी उठले. "मी इथे नोकरी करते. तुमची विद्यार्थिनी नाही." काउंटरवर येऊन मी उगाच कार्डं लावत बसले. 

सोमवारी प्रणाली आली नाही. मंगळवारी नाही. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचे फॉर्म भरणं चालू होतं, शेवटची तारीख पुढच्या सोमवारची. फॉर्मवर ग्रंथालयाची सही लागायची, म्हणजे फॉर्म भरला की नाही ते मला कळायचंच. सगळ्यांचे येऊन गेले, तिचा नाही. तिच्या मैत्रिणीने सांगितलं, ती म्हणतेय, यंदा परीक्षा नाही, कॉलेजच नको.

बाई रोज कोर्टातून आल्या की काउंटरशी थांबायच्या. "आली?"

"नाही."

आणि पुढे जायच्या. एवढंच. मला त्या दोन शब्दांची धास्ती बसली. गुरुवारी मीच म्हटलं, "बाई, तुम्ही जाऊन या ना तिच्या घरी. तुमचं ऐकेल."

"मी कशाला? मी पान उघडलं नाही." त्या निघाल्या आणि वळून म्हणाल्या, "पत्ता तुमच्या रजिस्टरमध्ये आहे. लाल शाईत."

त्या संध्याकाळी मी वरळीला गेले. तिथल्या जुन्या चाळींचं पाडकाम चालू होतं. निम्म्या खोल्या रिकाम्या, माणसं समोरच्या टॉवरमध्ये गेलेली. प्रणालीचं कुटुंब अजून जुन्याच खोलीत होतं. तिची आई हॉस्पिटलात आया, नुकतीच ड्युटीवरून आलेली. मी कोण ते सांगितल्यावर तिने खुर्चीवरची उशी उचलली आणि म्हणाली, "बसा." चेहऱ्यावर राग नाही, आगतस्वागतही नाही.

मी पिशवीतून पुस्तक काढलं. "हे राहिलं होतं. चुकलं गं माझं."

प्रणाली ओट्याला टेकून उभी होती. "मॅडम, तुम्ही ते सगळ्यांसमोर केलंत. आणि माफी घरी येऊन मागताय."

मला वाटलं, आई तिला गप्प करेल. तिने केलं नाही. ती मला म्हणाली, "तो कागद मी लावायला सांगितला होता. हिला नको होतं. मीच गव्हाच्या पिठाची खळ करून दिली. मी हॉस्पिटलात आडनाव सांगत नाही. मावशी म्हणतात, तेवढ्यावर भागतं. म्हटलं, हिचंही भागेल."

 एवढ्या वर्षांत लाल शाईतल्या कुठल्या नावाच्या मागे कोणी खळ शिजवत बसलं असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मला रडू आलं आणि त्याचाही राग आला, कारण रडण्याचा हक्क माझा नव्हता.

सात वाजले आणि फोन वाजला. प्रणालीने तो घेतला. काही विचारपूस नाही, कसं काय नाही. "आज पुस्तक आलंय, मॅडम," एवढंच म्हणाली. मग माझ्या हातातून पुस्तक घेतलं, बाहेर कठड्याशी गेली आणि मोठ्याने वाचायला लागली. समोर पाडकामाची धूळ, शेजारच्या खोलीत टीव्ही. एक परिच्छेद झाला. फोनमधून बाईंचा आवाज आला, "परत वाच."

तिची आई हळूच म्हणाली, "रोज सातला येतो फोन. त्या दिवसापासून. त्या विषयावर एक शब्द बोलत नाहीत. नुसतं वाचून घेतात."

मी चहा घेतला, कप स्वतः विसळला आणि उठले.

शनिवारी घड्याळ पालथं पडलं तशी मी काउंटरवरून उठून टेबलाशी गेले. प्रणाली नव्हती. बाईंनी वर पाहिलं. मी म्हटलं, "आज मी बोलणार."

"आधी वाचा," बाई म्हणाल्या.

अथर्वने विहिरीच्या खटल्याचा कागद माझ्यापुढे सरकवला. मी उभं राहून वाचला. दोनदा अडखळले, दोनदा परत वाचला. मग म्हटलं, "मी पुस्तकपेढीच्या मुलांची नावं लाल शाईने लिहिते. मी कोणी नवीन आलं की आधी आडनाव विचारते. माझी आई दारात आलेल्याला विचारायची, 'तू खंयचो रे? कोणाचो?' आणि उत्तर ऐकून पाणी कुठल्या भांड्यातून द्यायचं ते ठरायचं. खिडकीत एक वेगळा पेला होता. तो मी रोज बघायचे. तरी आमच्या चाळीत जात नव्हती असं मी सगळ्यांना सांगत आले. प्रणालीने कागद का लावला ते मला कळलं होतं. कळूनही मी पान उघडलं. मी जिंकायलाच निघाले होते."

 बाईंनी मान डोलावलीही नाही. थोड्या वेळाने अथर्वने वही काढली, मागची पानं उलटली, ती रिकामी ओळ शोधली. लिहिताना तो पुटपुटला, तेवढं मला ऐकू आलं. "मी पाहिलं. मी मोठ्याने वाचलं."

सोमवारी, शेवटच्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला एक फॉर्म माझ्यापुढे आला.

"मॅडम, सही."

मी वर पाहिलं. प्रणालीच होती.

"शनिवारी काय बोललात ते अथर्वने सांगितलं."

"मग?"

"मग काही नाही. सही करा. ऑफिसची खिडकी बंद होईल."

मी सही केली, निळ्या शाईने.

सगळं जुळून आलं असं समजू नका. ती शनिवारी यायला लागली, पण अथर्वपासून लांबच्या खुर्चीत बसायची. ते दोघं पुन्हा जोडीने मूटला उभे राहिले नाहीत. माझ्याशी ती कामापुरतं बोलायची. मी नवं रजिस्टर केलं, सगळी नावं एका शाईत, आणि नवा शिक्का करून घेतला. त्यावर कॉलेजचं नाव आणि नंबर, बस.

परीक्षेच्या आधीच कोणीतरी वर तक्रार केली, या बाई मुलांमध्ये जात घालतात. प्राचार्यांनी बाईंना बोलावून चहा पाजला आणि पुढच्या जूनला कळवू म्हणाले. तासिका तत्त्वावरच्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

शेवटच्या दिवशी बाई त्यांच्याकडची सगळी पुस्तकं परत करायला आल्या. मी एकेक तपासून घेतलं. सगळं जमा झाल्यावर त्यांनी पिशवीतून ते कव्हर घातलेलं जाड पुस्तक काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"हे आमचं नाही, बाई."

"नाहीच. मी शिकले त्या कॉलेजचं आहे. परत करायचं राहून गेलं."

मी कव्हर उघडलं. पहिल्या पानावर एक कागद चिकटवलेला, कडा तांबूस झालेल्या, एक कोपरा सुटलेला. त्या सुटलेल्या कोपऱ्याखाली शिक्क्याची गोल कड दिसत होती. तो कोपरा कोणीतरी कधीतरी नखाने उचलून पाहिलेला होता आणि मग तसाच सोडला होता.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या घड्याळाचा पट्टा लावत होत्या.

"मुलांना 'मी' म्हणा, 'मी' म्हणा, असं सांगत राहिले," बाई म्हणाल्या. "मी कधी म्हटलं नाही. त्या शनिवारीसुद्धा नाही. तिला जाऊ दिलं आणि पुस्तक पिशवीत घातलं." पट्टा काही नीट बसेना. मी काउंटरवरून हात पुढे करून तो लावून दिला. "तिला द्याल?"

त्या गेल्या. परत कधी कॉलेजात आल्या नाहीत. कोणी म्हणतं कोकणात तालुक्याच्या कोर्टात असतात, कोणी म्हणतं इथेच आहेत. मी फोन करत नाही. केला तर काहीतरी वाचायला लावतील, अशी भीती वाटते.

निकाल लागला. प्रणाली पास झाली, चांगली पास झाली. ग्रंथालयाचं काही देणं नाही, या दाखल्यावर सही घ्यायला ती आली. मी सही केली आणि ते पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. "बाईंनी दिलंय. तुला."

तिने कव्हर उघडलं. तो कागद पाहिला. तो सुटलेला कोपरा तिने बोटाने दाबून बसवला.  मग एक्कावन्नावं पान काढलं. कोरं होतं.

"प्रत्येक कॉलेजचं वेगळं असतं," मी म्हटलं. "त्यांचं कुठलं, मला नाही माहीत."

ती पुस्तक घेऊन त्याच टेबलाशी गेली, जिथे शनिवारी सगळे बसायचे. पहिल्यापासून एकेक पान उलटायला लागली. हळूहळू उलटणं थांबलं आणि ती वाचायलाच लागली, ओठ हलत होते. शिक्का सापडला की नाही, तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पाच वाजले. शिपाई किल्ल्या घेऊन आला, तर मी त्याला म्हटलं, जरा थांब रे, आत वाचन चालू आहे.